‘दम दिला’ ते ‘सही करून घेतली’ : एका फिर्यादीची दोन इंग्रजी भाषांतरे

फिर्याद दोनच पानांची आहे. फिर्यादी करवीर तालुक्यातला गुऱ्हाळवाला; आरोपी त्याच पंचक्रोशीतला, परवाना नसताना व्याजाने पैसे फिरवणारा. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. हकीकत इकडे नेहमी कानावर पडते तशीच. हंगाम तोंडावर आला की गुळव्याला (गूळ शिजवणाऱ्या कारागिराला) आणि मजुरांना उचल द्यावी लागते, रस उकळायच्या काहिलीची डागडुजी असते, चुलवाण, म्हणजे काहिलीखालची भट्टी, नव्याने लिंपायचे असते. सोसायटीचे मागचे कर्ज थकलेले. मग महिना दहा टक्क्यांनी चार लाख उचलले. दोन हंगामांत व्याजापोटी मुद्दलापेक्षा जास्त गेले, तरी बाकी वाढतच राहिली आणि शेवटी रस्त्याकडेच्या वीस गुंठ्यांचे खुषखरेदीपत्र, म्हणजे राजीखुशीने जमीन विकल्याचा दस्त, झाले. पोलिसांत फिर्याद त्यानंतर आठ महिन्यांनी.

गुन्हा रद्द व्हावा म्हणून आरोपी उच्च न्यायालयात गेला. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५२८. (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम ४८२ होते, म्हणून जुन्या वकिलांच्या तोंडी अजून ‘चारशेब्याऐंशी’च असते. नव्या संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, त्यामुळे बाररूममध्ये रोज कुणीतरी फसतो.) १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचे काम तिथे चालते. पक्षकारांची मुंबईची वारी वाचली, त्याबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे. त्याबरोबर आणखी एक काम गावात आले, त्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. उच्च न्यायालयात मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. पूर्वी फाईल मुंबईला गेली की तिथेच कुणीतरी ते करून टाकायचा. आता ते कोल्हापुरातच होते, म्हणजे ‘दम’ कशाशी खातात हे ज्यांना पक्के ठाऊक आहे अशा माणसांकडून.

तरीही या फिर्यादीची दोन भाषांतरे झाली, आणि दोन्ही शेजारी ठेवली तर एकाच घटनेची वाटत नाहीत.

मूळ मजकुरातला कळीचा भाग असा :

‘त्यांनी माझे गुऱ्हाळावर येऊन, पैसे दे, न्हाईतर औंदा चुलवाण पेटू देत न्हाई, तुला बघून घेतो, असा मला दम दिला. त्यानंतर मला दुय्यम निबंधक कार्यालयात नेऊन दमदाटी करून खुषखरेदीपत्रावर माझी सही करून घेतली. तक्रार केलीस तर गावात राहू देणार नाही अशी भीती घातल्याने मी आजपर्यंत तक्रार दिली नाही.’

आरोपीच्या बाजूच्या भाषांतरात ‘दम दिला’चे झाले ‘अ‍ॅडमॉनिश्ड’, म्हणजे मास्तरांनी पोराला समज द्यावी तसे. ‘तुला बघून घेतो’चे झाले ‘आय विल सी यू’. ‘दमदाटी करून’ ‘आफ्टर अ‍ॅन आर्ग्युमेंट’ झाले आणि ‘सही करून घेतली’ नुसते ‘ऑब्टेन्ड’. इंग्रजी वाचणाऱ्याला वाटावे की दोघांत थोडी बाचाबाची झाली, मग सामंजस्याने कागद झाला.

फिर्यादीच्या वकिलांकडच्या ज्युनिअरने दुसरे टोक गाठले. ‘बुलीड, ब्राउबीट अँड टेररायझ्ड मी इंटू सायनिंग’. खाली ‘थ्रेटन्ड मी टू पे’, त्याच्या खाली ‘एक्स्टॉर्टेड मी’. वाचून अंगावर काटा येतो खरा. सिनिअरनी ते वाचले आणि दोन्ही भाषांतरे मूळ फिर्यादीसह माझ्याकडे, म्हणजे भाषांतरकाराकडे, पाठवली.

पहिल्या भाषांतराबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ‘दम देणे’ हा शब्द लवचीक आहे, बाप पोराला दम देतो, कंडक्टर फुटबोर्डवरच्या कॉलेजकुमारांना देतो, याचा त्यांनी फायदा उठवला. पण शब्दाच्या मागेच दम कसला ते फिर्यादीने स्वतः सांगितले आहे : चुलवाण पेटू देणार नाही. एवढे वाक्य पुढ्यात असताना ‘समज दिली’ म्हणणे ही लबाडी आहे, आणि ती न्यायालयात टिकणारी नाही. मूळ मराठी फाईलमध्येच असते आणि खंडपीठावर मराठी वाचणारे न्यायमूर्ती बसलेले असू शकतात.

दुसरे भाषांतर मात्र आपल्या बाजूचे, कळकळीने केलेले, आणि म्हणूनच जास्त धोक्याचे होते.

इंग्रजीत भीती घालून काम करून घेण्याला क्रियापदांची रेलचेल आहे, आणि त्यातले प्रत्येक आपल्याबरोबर काहीतरी हकीकत घेऊन येते. ‘बुली’ म्हटले की बलवान आणि दुबळा अशी जोडी गृहीत धरली जाते, आणि छळ एकदाचा नसून चालत आलेला. ‘ब्राउबीट’मध्ये हात लागत नाही, कपाळाला आठ्या घालून, आवाज चढवून माणसाला गप्प करणे. ‘स्ट्राँग-आर्म’ म्हटले की अंगबळ आले. ‘ब्लॅकमेल’ला गुपित लागते, ते फोडण्याची धमकी लागते. ‘टेररायझ’ म्हणजे दहशतीखाली ठेवणे, त्याला काळ लागतो. ‘काऊ’ म्हणजे खच्ची करून टाकणे. ‘लीन ऑन’ त्या मानाने सभ्य, वरून कुणीतरी वजन टाकले एवढेच. ‘ट्विस्ट समवन्स आर्म’ तर निम्म्या वेळा थट्टेतच वापरतात : जेवायला थांबण्याचा आग्रह केला तरी साहेब म्हणतो, माझा हात पिरगाळला. आपण ‘हात पिरगाळला’ म्हणतो तेव्हा त्यात थट्टा नसते.

‘ड्रगून’ नावाचेही एक क्रियापद आहे. चौदाव्या लुईने १६८१ पासून फ्रान्समधल्या प्रोटेस्टंट ह्यूगेनॉ कुटुंबांच्या घरात ड्रगून शिपाई राहायला घातले. त्यांनी घर खायचे, नासधूस करायची, कुटुंबाने धर्म बदलेपर्यंत. त्यावरून ‘ड्रगून इंटू’ म्हणजे बडगा दाखवून गळी उतरवणे. या फिर्यादीत ते कुणी वापरले नाही, आणि वापरूही नये.

तर ज्युनिअरने तीन क्रियापदे एका ओळीत गुंफली तेव्हा त्याने तीन नवे आरोप केले. फिर्यादीत आठ्या नाहीत, चढा आवाज नाही, महिनोन्महिने चाललेला छळही नाही. उलटतपासणीत आरोपीचा वकील विचारणार : तुम्ही पोलिसांना ‘टेररायझ’ केल्याचे सांगितले होते का? साक्षीदार म्हणणार, मी दम दिला म्हणून सांगितलंय. मग हे आले कुठून? मूळ जबाबात नसलेली भर पुढे आली की बचाव तिला ‘इम्प्रूव्हमेंट’ म्हणतो, आणि एका भरीवरून सगळा साक्षीदार संशयात येतो. इथे भर साक्षीदाराने घातलेली नसून भाषांतराने घातली, हे समजावून सांगण्यात तास जाणार.

व्याकरणाच्या चुका तर होत्याच, आणि त्या फक्त या पोराच्या नाहीत. ‘थ्रेटन्ड मी टू पे’ हे आपल्याकडच्या इंग्रजीत सर्रास चालते. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये आणि त्यावरून केलेल्या बातम्यांमध्ये रोज भेटते. इंग्रजी ‘थ्रेटन’ ते पेलत नाही. ‘थ्रेटन्ड टू’च्या पुढे जे येईल ते धमकी देणारा करणार असतो : ‘थ्रेटन्ड टू स्टॉप द फर्नेस’, म्हणजे चुलवाण तो बंद पाडणार. समोरच्याकडून काय करून घ्यायचे होते ते सांगायला वेगळी मांडणी लागते. ‘थ्रेटन्ड मी विथ’ म्हटले की पुढे हत्यार किंवा परिणाम येतो : कोयता, कोर्टकचेरी, बदनामी. आणि ‘इंटू’ आले की काम झाले असे समजायचे. ‘थ्रेटन्ड मी इंटू सायनिंग’ म्हणजे सही झाली, आणि धमकीमुळे झाली. ‘कोअर्स इंटू’, ‘फ्रायटन इंटू’, ‘प्रेशराइज इंटू’, ‘बुलडोझ इंटू’ सगळ्यांचे तेच. उलट ‘प्रेस्ड मी टू साइन’मध्ये आग्रह आहे, सही झाली की नाही, कळत नाही.

‘एक्स्टॉर्ट’ची, म्हणजे धाकाने उकळण्याची, तर दिशाच वेगळी. ते माणसाला लागत नाही, वस्तूला लागते. पैसे माणसाकडून ‘एक्स्टॉर्ट’ करायचे असतात. ‘एक्स्टॉर्टेड मी’ म्हटले की फिर्यादीलाच उकळून काढल्यासारखे होते. हे मी सिनिअरना सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘तसंच झालंय की त्याचं.’

आता गाभ्याकडे. न्याय संहितेचे कलम ३०८ म्हणजे खंडणी, जुन्या दंडसंहितेतले ३८३-३८४. शिक्षा पूर्वी ३ वर्षांपर्यंत होती, १ जुलै २०२४ पासून ७ वर्षांपर्यंत झाली. कलमाची साखळी सरळ आहे : हेतुपुरस्सर इजेची भीती घालणे, ‘अँड देअरबाय’ (आणि त्यायोगे) त्या घाबरलेल्या माणसाला लबाडीने काही देण्यास प्रवृत्त करणे, आणि त्याने ते देणे. सगळा भार त्या ‘देअरबाय’वर आहे. भीती आणि सही यांच्यात कारणाचा धागा हवा. धागा तुटला तर कलम ३५१ उरते, म्हणजे नुसती धमकी. तिला सही लागत नाही, पण वीस गुंठेही त्यातून परत येत नाहीत.

कलमाखालची उदाहरणे १८६० पासून जवळपास तशीच चालत आली आहेत, आणि ती वाचताना मजा वाटते. एकात मूल कोंडून ठेवण्याची धमकी देऊन वचनचिठ्ठीवर सही घेतली आहे. एकात लाठीवाले पाठवून शेत नांगरून टाकण्याची धमकी. एकात भीती घालून कोऱ्या कागदावर सही. दीडशेहून जास्त वर्षे झाली, सावकारीच्या फिर्यादी अजून याच तीन चालींनी चालतात. कोऱ्या कागदाच्या जोडीला कोरा चेक आला एवढाच फरक. शेत नांगरण्याची धमकी आणि चुलवाण पेटू न देण्याची धमकी यांत मला तरी फरक दिसत नाही. कायद्यातली ‘इजा’ अंगालाच व्हावी लागते असे नाही. मन, अब्रू, मालमत्ता यांची बेकायदा हानीही त्यात येते. हंगामात चुलवाण थंड राहिले तर तोडलेला ऊस वाळतो, गुळव्या दुसऱ्या गुऱ्हाळावर जातो, दिलेली उचल बुडते. ‘पाय तोडीन’पेक्षा गुऱ्हाळवाल्याला हे जास्त लागते. ‘बुलीड’ने यातले काही सांगितले जात नाही. ‘थ्रेटन्ड दॅट ही वुड नॉट लेट मी फायर द फर्नेस धिस सीझन’ने सगळे सांगितले जाते.

मग अडचण कुठे होती? एका ‘ऊन’मध्ये.

‘दमदाटी करून सही करून घेतली.’ यातले पहिले ‘करून’ म्हणजे ‘करण्याच्या जोरावर’ की ‘केल्यानंतर’? ‘जेवून गेला’मध्ये क्रम आहे, ‘ओढून नेला’मध्ये रीत आहे. मराठीत दोन्ही एकाच रूपात सुखाने नांदतात, ऐकणाऱ्याला कधी अडत नाही. इंग्रजीत मात्र ठरवावे लागते : ‘बाय थ्रेटनिंग’ की ‘आफ्टर थ्रेटनिंग’. पहिल्यात ‘देअरबाय’ आपोआप आला, दुसऱ्यात तो गळला. आणि दुसरे ‘करून घेतली’? त्यात सही झाली हे आहे, ती घेणाऱ्याच्या फायद्याची हेही आहे, पण जबरदस्ती नाही. आपण दाढीही करून घेतो आणि रक्ताची तपासणीही करून घेतो. फिर्यादीने ‘सही करायला भाग पाडले’ म्हटले असते तर प्रश्नच मिटला असता. तो म्हणाला नाही. त्याच्या वतीने मी म्हणू शकत नाही.

यावर आरोपीची बाजू नेमके बोट ठेवणार होती, कारण गुऱ्हाळावरचा दम आणि कार्यालयातली सही यांच्यात अकरा दिवस होते. कार्यालयात फोटो निघाला, अंगठा झाला, अधिकाऱ्याने दस्त करून दिल्याचे कबूल आहे का विचारले, फिर्यादी ‘होय’ म्हणाला. दस्तात नेहमीचे वाक्य आहेच : ‘राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून दिले असे.’ त्या वाक्याला माझ्या लेखी काडीची किंमत नाही. ज्याच्यावर दडपण आहे त्याच्या दस्तातही ते असतेच, टंकलेखकाच्या साच्यात छापलेले. पण न्यायालयापुढे ते लेखी आहे, आणि दमदाटी तोंडी.

सिनिअरना मी तीन गोष्टी लिहून दिल्या. पहिली, ‘दमदाटी करून’चा अर्थ फिर्यादीच्या मजकुरातून ठरत नाही, म्हणून भाषांतरात मी ‘देअरबाय’ किंवा ‘इंटू’ घालणार नाही. दुसरी, कार्यालयात किंवा गाडीत नेमके काय घडले हे फिर्यादीला माहीत असेल तर ते सांगण्याची जागा तपासी अंमलदारापुढचा पुरवणी जबाब ही आहे, भाषांतर नव्हे. तिसरी, सावकारी कायद्याकडे बघा. १९४६ च्या मुंबई सावकार कायद्यात आणि त्याच्या जागी आलेल्या २०१४ च्या महाराष्ट्र कायद्यात कर्जदाराला वसुलीसाठी सतावणे हा स्वतंत्र गुन्हा आहे : वाट अडवणे, पाठलाग करणे, घराभोवती घुटमळणे, धमकावणे. इंग्रजीत त्याला ‘मोलेस्टेशन’ म्हटले आहे. ज्युनिअर ते वाचून चपापला, कारण आज त्या शब्दाचा एकच अर्थ लोकांना ठाऊक आहे, विनयभंग. कायद्यात तो जुन्या अर्थाने बसला आहे, त्रास देणे एवढ्याच. इथे ‘देअरबाय’चा प्रश्नच येत नाही, सही झाली काय, न झाली काय. शिवाय परवान्याशिवाय सावकारी हा वेगळा गुन्हा, आणि जमीन सावकारीच्या व्यवहारातून गेली असेल तर ती परत मिळवायला जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करण्याची सोय आहे. तिथे फिर्यादी अजून गेलाच नव्हता. पोलीस ठाण्यात जायचे धाडस करायलाच त्याला आठ महिने लागले होते.

पुरवणी जबाब झाला. त्यात कळले की सहीच्या आदल्या रात्री आरोपीची माणसे गुऱ्हाळावर येऊन चुलवाणाच्या तोंडाशी ट्रॉली आडवी लावून गेली होती. सकाळी तिच्याच शेजारी उभे राहून ‘कागद झाला की ट्रॉली निघंल’ असे सांगण्यात आले. सही झाली, ट्रॉली निघाली, दुपारी चुलवाण पेटले. अकरा दिवसांचे अंतर एका ट्रॉलीने भरून काढले. फिर्यादीत हे का नव्हते? ठाणे अंमलदाराने विचारले नाही, आणि ‘दमदाटी’ या शब्दात ते सगळे आलेच असे फिर्यादीला वाटले. त्याच्या गावात ते येतही असेल.

‘बघून घेतो’चे काय करायचे यावर मात्र दोन्ही बाजूंचे बराच काळ जुळेना. ‘आय विल सी यू’ खुळचट आहे. ‘आय विल टीच यू अ लेसन’मध्ये धडा आला, ‘आय विल फिनिश यू’मध्ये जीव. मराठीतली धमकी मुद्दाम अर्धवट आहे. काय करणार ते ऐकणाऱ्याने आपल्या भीतीनुसार भरायचे. मी सुचवले की शब्द मुळातलाच ठेवावा आणि पुढे ‘धमकीचा रूढ शब्दप्रयोग’ एवढा खुलासा द्यावा. हे नवे नाही. १८६० च्या दंडसंहितेत कलम ५०८ होते : अमुक कर, नाहीतर देवाचा कोप होईल असे भासवून माणसाला वाकवणे. त्याखालच्या उदाहरणात एकजण दुसऱ्याच्या दारात ‘धरणे’ धरून बसतो. कायदा लिहिणाऱ्या इंग्रजांना त्याला इंग्रजी शब्द सापडला नाही की शोधावासा वाटला नाही कोण जाणे, पण त्यांनी ‘धरणे’च ठेवले. देणेकऱ्याच्या दारात उपाशी बसण्याची ती रीत. वसुलीच्या धाकाचा आपल्याकडचा शब्द इंग्रजी कायद्यात तेव्हापासून आहे, मग ‘बघून घेतो’ला मज्जाव का?

मद्रास उच्च न्यायालयापुढे १९१७ मध्ये एका नवऱ्याने ‘जीव देईन’ म्हणून बायको-मुलाकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्याचे प्रकरण आले होते, आणि बहुमताने ती करार कायद्याच्या कलम १५ खालची जबरदस्ती ठरली. धमकी स्वतःच्या जिवाची, वाकला दुसरा. याला आजचे इंग्रजी ‘इमोशनल ब्लॅकमेल’ म्हणेल, पण कायद्याला त्या शब्दाची गरज पडली नाही. काय म्हटले, कुणाला म्हटले आणि त्यानंतर कशावर सही झाली, एवढे त्याला पुरले. या फिर्यादीचा दिवाणी दावा, म्हणजे दस्त रद्द करून मागण्याचा, याच कलम १५ आणि १९ वर उभा राहणार आहे.

न्यायालयाने दोन भाषांतरांतली तफावत पाहून दोन्ही बाजूंना मान्य होईल असे एकच भाषांतर द्यायला सांगितले. त्यात शेवटी ‘बुली’, ‘ब्राउबीट’, ‘टेररायझ’ एकही राहिले नाही, ‘अ‍ॅडमॉनिश’ही राहिले नाही. पहिल्या वाक्यात ‘थ्रेटन्ड दॅट’ आणि पुढे त्याचे शब्द. ‘बघून घेतो’ मुळातले, खुलाशासह. दुसऱ्या वाक्यात, तिथे नेऊन ‘यूजिंग थ्रेट्स, गॉट मी टू साइन’; ‘यूजिंग’ दोन्ही अर्थांना मोकळे, म्हणून दोन्ही वकील त्यावर तयार झाले. पुरवणी जबाबाचे भाषांतर वेगळे जोडले, त्यात ट्रॉलीची हकीकत सरळ वाक्यांत.

तिसऱ्या वाक्यावर मात्र गाडी अडली आहे. ‘अशी भीती घातल्याने मी आजपर्यंत तक्रार दिली नाही.’ मी ‘वॉज फ्रायटन्ड ऑफ’ लिहिले, म्हणजे घाबरून मागे फिरला. आरोपीचे वकील म्हणतात, फिर्यादीच्या मनात काय होते ते भाषांतरकाराने सांगू नये, ‘डिड नॉट कम्प्लेन, अ‍ॅज ही सेड’ एवढेच लिहा. आठ महिन्यांच्या उशिराचा सगळा खुलासा त्या ‘घातल्याने’त आहे, हे त्यांनाही कळते. मराठीत कारण स्पष्ट आहे. ‘ऊन’सारखी इथे शंकेला जागा नाही. त्यामुळे हे वाक्य बदलणार नाही असे मी कळवले आहे, आणि पुढच्या तारखेला त्या एका ओळीपुरती दोन्ही भाषांतरे न्यायालयापुढे ठेवायचे ठरले आहे.